वाल्याच्या घरची माणसं

वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. आमच्या लहानपणी रामनवमीच्या कीर्तनात ती हमखास असायची. वाटसरूंना लुटणारा, मारणारा वाल्या. एकेका खुनामागे रांजणात एक खडा टाकायचा आणि असे सात रांजण भरलेले. मग नारदमुनी भेटतात आणि विचारतात, "बाबा रे, ज्यांच्यासाठी तू हे सगळं करतोस, ते तुझ्या पापात वाटेकरी होणार आहेत का? जा, विचारून ये." वाल्या घरी जातो. आईबाप नाही म्हणतात, बायको नाही म्हणते, पोरं नाही म्हणतात. वाल्याचे डोळे उघडतात, तो तपाला बसतो, अंगावर वारूळ चढतं आणि त्यातून वाल्मीकी बाहेर येतात. पुढं तेच रामायण रचतात.

शाळेत इतकी वर्षं मराठी आणि इतिहास शिकवताना ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, याची मोजदाद नाही. 'वाल्याचा वाल्मीकी झाला' हा वाक्प्रचार तर दर वर्षी चाचणीत असायचा. मुलं वाक्यात उपयोगही झकास करायची. पण ही गोष्ट नीट पाहिली, तर समाजाच्या फार सोयीची आहे. वाल्या बदलतो तो कुठं? रानात, एकटा, वारुळाच्या आत. गावाला त्याचं काहीच करावं लागत नाही. त्याला कोणी भाड्यानं खोली द्यायची नाही की कामावर ठेवायचं नाही, त्याच्या मुलीला कोणी सून करून घ्यायची नाही. तो परत दिसतो तेव्हा दाढीजटा वाढलेला ऋषी झालेला असतो, आणि ऋषीच्या पाया पडायला कोणाची ना नसते. खरी पंचाईत वाल्या वाल्या म्हणूनच परत आला तर होते. हातात एक पिशवी, खिशात सुटकेचा कागद, आणि एसटीच्या थांब्यावर उतरल्या उतरल्या सगळ्यांच्या नजरा.

आपल्याच महाराष्ट्रात एक जागा अशी आहे की जिथं ही गोष्ट उलटी करून पाहिली गेली. वाल्याला एकट्याला रानात न पाठवता त्याच्या घरच्यांनाच त्याच्याजवळ आणून ठेवलं. ती जागा म्हणजे सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. नव्या पिढीला हे नाव माहीत नसतं, आणि जुन्यांना सिनेमा आठवतो पण गाव आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आटपाडी हा आधी औंध संस्थानातला तालुका. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे विखुरलेले तुकडे मिळून हे संस्थान बनलेलं. सगळी मिळून बहात्तर गावं आणि लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास. मोठ्या संस्थानांच्या मानानं अगदीच चिमुकलं. पण राजा चिमुकला नव्हता. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा त्यांनी केवढा प्रसार केला हे सर्वांना माहीत आहे. स्वतः उत्तम चित्रकार. औंधचं वस्तुसंग्रहालय त्यांनीच उभारलं. त्यांना कीर्तनाचाही नाद होता आणि ते स्वतः उभं राहून कीर्तन करत. म्हणजे राजाच कथेकरी.

याच संस्थानात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा मिळाली. निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ, त्याचं पुढं किर्लोस्करवाडी झालं. ती हकीकत बहुतेकांनी वाचलेली असते. त्यातला एक लहानसा तपशील मला फार मोलाचा वाटतो. वाडीच्या रात्रीच्या पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी माणसं नेमली ती दरोड्याची शिक्षा भोगून आलेली. ज्यांच्या भीतीनं आसपासच्या गावांत रात्री दारं लावून घेत, त्यांच्याच हाती कंदील, काठी आणि सगळ्या वाडीची झोप सोपवली. लक्ष्मणराव काही साधुसंत नव्हते, यंत्रं बनवणारा व्यवहारी माणूस. पण माणसावर जबाबदारी टाकली की तो ती पेलतो, हा त्यांचा हिशोब होता. त्या परिसरात हे बी असं आधीच पडलेलं होतं.

आता औंधात आणखी एक गृहस्थ येतात, ते थेट पोलंडहून. मॉरिस फ्रीडमन. वॉर्सा शहरातल्या गरीब ज्यू कुटुंबातला हा मुलगा इंजिनियर झाला आणि १९३०च्या दशकात बंगळुरूच्या सरकारी विजेच्या कारखान्याची व्यवस्था पाहायला हिंदुस्थानात आला. इथं आला आणि इथलाच होऊन गेला. रमण महर्षींच्या पायाशी बसला, गांधीजींकडे गेला, खादी घातली, 'भारतानंद' हे नाव घेतलं. सूत कातायची धनुष तकली ही त्यांचीच देणगी. पुढं उतारवयात मुंबईला खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांकडे ते जात. महाराजांची मराठीतली संभाषणं १९७३ साली इंग्रजीत पुस्तकरूपानं आली आणि जगभर गेली, तीही फ्रीडमन यांच्यामुळंच. गंमत पाहा, विडीचं दुकान चालवणाऱ्या मराठी महाराजांचं बोलणं जगाला कळलं ते एका पोलिश माणसानं ऐकून घेतलं म्हणून. दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेण्याची कला या माणसाला साधलेली होती.

राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत (पुढं स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून नावाजले) आणि फ्रीडमन यांचा स्नेह जुळला. १९३८च्या अखेरीस बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं आणि १९३९च्या जानेवारीत औंधची स्वराज्याची घटना झाली. गांधीजींचा सल्ला तिच्यामागे होता. गावोगाव निवडून आलेल्या पंचायती, त्यांच्यातून तालुक्याची सभा, तिच्यातून संस्थानची सभा. देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी माणदेशातला शेतकरी आपला कारभार आपण पाहू लागला.

त्याच वर्षी, १९३९ साली, स्वतंत्रपूर वसलं. राजानं स्वतःची सत्ता सोडून दिली, त्या वर्षी कैद्यांच्या भोवतीची भिंतही काढली. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. साध्या शेतकऱ्यावर राज्य सोपवता येतं असं ज्यांना वाटलं, त्यांनाच खुनाची शिक्षा झालेल्या माणसावर शेत सोपवता येईल असंही वाटलं. दोन्हींच्या मागे विश्वास एकच.

प्रयोग सांगायला अगदी सोपा. आटपाडीजवळच्या माळावर जमीन घ्यायची. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तिथं आणायचं. भिंत नाही, बेड्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे बायकामुलांसह राहायचं. शेत कसायचं, घर चालवायचं, पोरांना वाढवायचं. शिक्षा चालूच, पण संसारात राहून.

हा प्रदेश ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. माणदेश म्हणजे पाऊस हुलकावणी देणारा मुलूख. बाजरी, हुलगा, मेंढरं आणि आभाळाकडं लागलेले डोळे. अशा मुलखात विहिरीचं पाणी शेंदून शेत उभं करणं ही साधी मेहनत नव्हे. तुरुंगात सक्तमजुरी करून घेतात, ती सरकारची. इथली मेहनत आपल्या पोराबाळांच्या भाकरीची.

वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येणार तो, "पळून गेले तर?" मुलांना स्वतंत्रपुराविषयी सांगितलं की वर्गात हाच प्रश्न पहिल्यांदा यायचा. मी उलट विचारायची, "तुम्ही कधी घरातून पळून जाता का? का नाही जात?" कोणी म्हणायचं आई रडेल, कोणी म्हणायचं जेवायला कोण देईल, एकजण म्हणाला होता, "म्हशीला पाणी कोण दाखवंल?" झालं, स्वतंत्रपुराची सगळी युक्ती त्या पोरानं सांगून टाकली. ज्याच्यावाचून कोणाचं तरी अडतं, तो पळत नाही. बंद तुरुंगात कैद्याच्या वाचून कोणाचंच अडत नाही, उलट तो गेला तर एक तोंड कमी.

आता वाल्याच्या गोष्टीशी हे ताडून पाहा. वाल्याच्या बायकोनं पापात वाटा घ्यायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. केलेलं पाप ज्याचं त्याचं. पण स्वतंत्रपूरच्या बायकांना पापात वाटा कोणी मागितलाच नाही. त्यांनी वाटा उचलला तो शिक्षेत. नवऱ्याच्या शिक्षेच्या गावात येऊन चूल मांडली. या बायकांची नावं कुठं फारशी लिहिलेली नाहीत. राजाचं नाव राहिलं, फ्रीडमन यांचं थोडंफार राहिलं. पण एका उजाड माळावर, 'खुन्यांची वस्ती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, पोराला काखोटीला मारून यायला किती धैर्य लागलं असेल! मी बाईमाणूस म्हणून हे लिहीत नाही. इतिहास शिकवताना राजांची नावं पाठ करून घेतली, तर दुसऱ्या बाजूचं देणंही फेडावं लागतं, म्हणून लिहिते.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झालं. राजे १९५१ साली गेले. पण स्वतंत्रपूर राहिलं. आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाच्या यादीत आटपाडीची ही खुली वसाहत आहे. मधल्या काळात सबंध देशात खुली कारागृहं निघाली. उत्तर प्रदेशात १९५२ साली बनारसजवळ धरणाच्या कामावर कैद्यांची छावणी झाली, राजस्थानात सांगानेरला १९६३ साली कैदी कुटुंबासह राहू लागले, आपल्याकडं येरवड्याला आणि पैठणला खुली कारागृहं झाली. चांगल्या वागणुकीच्या शिक्षाबंदींना काही वर्षांनी तिथं पाठवतात. पण हे सगळं सरकारी कागदांत. सामान्य माणसाच्या कानापर्यंत ते पोचलं कसं? तर गोष्टीतून. आणि ती गोष्ट सांगायला माणदेशाचाच एक मुलगा पुढं आला.

ग. दि. माडगूळकर. १९१९ साली आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्म, वडील औंध संस्थानच्या नोकरीत. म्हणजे हा सगळा मुलूख त्यांच्या पायाखालचा. (धाकटे बंधू व्यंकटेश यांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली, तीही याच संस्थानातल्या एका तरुण मास्तराची कहाणी. आम्हा शिक्षकांना ती घरच्यासारखी.) गदिमांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. जेलर आदिनाथ सहा खुन्यांना घेऊन एका उजाड माळावर जातो, त्यांच्याकडून शेती करवून घेतो, भाजी पिकवून रास्त भावात बाजारात विकतो. बाजारातले व्यापारी चिडतात, शेतावर बैल सोडतात आणि त्यात आदिनाथचा जीव जातो. या बैलाच्या प्रसंगाच्या चित्रीकरणात शांतारामबापूंच्या डोळ्यांना खरोखरच इजा झाली होती. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात गौरव झाला.

मी हा सिनेमा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत, भावंडांबरोबर, जमिनीवर बसून. आदिनाथ मेला तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. माझ्या शेजारी एक म्हातारी होती. सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "सा जणांपैकी एकबी पळाला न्हाई बघ." रडली ती जेलरसाठी, आणि लक्षात ठेवलं ते कैद्यांचं. कथेचं सामर्थ्य असं असतं. कोर्टाच्या निकालपत्रानं त्या म्हातारीचं मत तसूभर बदललं नसतं.

त्यातली प्रार्थना तर आपण सर्वांनी गायली आहे. भरत व्यासांचे शब्द, वसंत देसाईंची चाल, लताबाईंचा आवाज. आमच्या शाळेत ती कित्येक वर्षं परिपाठाला होती. शर्टाची बटणं नीट लावलेली, केसांना तेल चोपडलेली पोरं हात जोडून ती गायची. ही प्रार्थना मुळात खून केलेल्या माणसांसाठी लिहिली गेली, याची त्यांना कल्पना नसायची. मी सांगितलं की काही पालकांना ते आवडायचं नाही. मला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. चांगलं वागायची ताकद सहावीच्या पोरालाही मागावीच लागते.

तरीही सिनेमा आणि स्वतंत्रपूर यांत एक मोठा फरक आहे, तो सांगितला पाहिजे. सिनेमात जेलर मोठा होतो. त्याचे डोळे आभाळातून पाहत राहतात, त्या धाकानं, त्या मायेनं कैदी सुधारतात. सिनेमाला नायक लागतो, त्याला इलाज नाही. खऱ्या वसाहतीत आभाळात डोळे नव्हते. तिथं घरात डोळे होते, बायकोचे आणि पोरांचे. आदिनाथसारखा माणूस शंभर वर्षांत एखादा. बायकोपोरं बहुतेकांना असतात. म्हणूनच सिनेमा संपला तरी वसाहत चालू राहिली.

इथं मनात एक वेगळाच विचार येतो. मराठीत तुरुंगातून आलेलं वाङ्मय केवढं मोठं! मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं. सावरकरांनी अंदमानचे दिवस 'माझी जन्मठेप'मध्ये सांगितले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढल्याच वर्षी, १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहून काढली. आपल्या घराघरातलं सगळ्यात मायाळू पुस्तक तुरुंगात जन्मलं. पण ही सगळी माणसं देशासाठी आत गेलेली. बाहेर आली तेव्हा गळ्यात हार पडले. त्याच तुरुंगांत, शेजारच्या बराकीत, चोरी-मारामारीत आलेले शेकडो लोक होते. त्यांची गोष्ट कुठं आहे? पोलिसांनी फिर्यादीत लिहिली, वकिलांनी आपापल्या बाजूनं मांडली, न्यायाधीशांनी निकालात लिहिली, वर्तमानपत्रानं चार ओळीत छापली. ज्याची गोष्ट, त्यानंच ती कधी सांगितली नाही.

नुसत्या माणसांची नव्हे, सबंध जमातींची अशी दशा इंग्रजांनी केली. १८७१च्या कायद्यानं काही जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला. हीसुद्धा एक गोष्टच, सरकारनं रचलेली, आणि तिच्या जोरावर माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं. सोलापूरची अशी वसाहत प्रसिद्ध आहे. १९५२ साली कायदा रद्द झाला, कुंपण गेलं, पण शिक्का राहिला. मग त्या समाजांतल्या लेखकांनी स्वतः लेखणी उचलली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाले. 'उचल्या' वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हजेरीच्या वहीतल्या नावामागं किती भूक असू शकते.

आणखी एक उदाहरण दूरदेशचं, पण सांगण्यासारखं. ज्या १९५७ साली आपल्याकडं 'दो आँखें' लागला, त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात एका नाटक कंपनीनं बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक केलं. भल्याभल्या पंडितांना न कळलेलं नाटक कैद्यांना बरोबर कळलं. वाट पाहणं म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. रिक क्लूची नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याला प्रयोगाला जायची परवानगी नव्हती. त्यानं ते नाटक कोठडीत बसून ध्वनिक्षेपकावर ऐकलं. पुढं कैद्यांनी तुरुंगातच नाट्यमंडळ काढलं, क्लूचीनं स्वतः नाटक लिहिलं, १९६६ साली तो सुटला आणि नंतर खुद्द बेकेटच्या हाताखाली काम करणारा नट झाला. त्याला कोणी चांगला माणूस हो असं सांगत बसलं नव्हतं. त्याला बोलायला एक जागा मिळाली, इतकंच.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं त्यामागं एक साधं कारण आहे. माझा एक जुना विद्यार्थी जन्मठेप भोगून गावी आला. बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली होती त्यानं. नाव, गाव सांगत नाही. शाळेत असताना गणितात कच्चा, पण पाढे म्हणताना आवाज खणखणीत. आल्यानंतर त्याला गावात मजुरीही कोणी देईना. मुलीची सोयरीक दोनदा ठरता ठरता मोडली. एक दिवस तो माझ्याकडं आला, उंबऱ्याच्या बाहेरच बसला. आत ये म्हटलं तर येईना. मी चहा दिला. काय बोलावं मलाही सुचेना. शेवटी विचारलं, "तिथं काम काय द्यायचे रे?"

आणि तो बोलायला लागला. आधी हातमागावर होता, मग सतरंज्या विणायला. ताणा कसा लावायचा, धागा तुटला की गाठ कशी मारायची की उलट्या बाजूनंही दिसू नये, पट्ट्यांचे रंग कसे मोजायचे. एका म्हाताऱ्या कैद्यानं त्याला हे शिकवलं. तो म्हातारा आतच वारला. त्याच्या अर्ध्या विणलेल्या सतरंजीचं उरलेलं काम यानं पुरं केलं. गणितात कच्चा असलेला माझा विद्यार्थी धाग्यांचे हिशोब तोंडपाठ सांगत होता. तास दीड तास गेला असेल. उठताना म्हणाला, "बाई, सुटल्यापासून सगळे एकच इचारत्यात, का केलंस म्हणून. कायकाय शिकलास असं कुणीच इचारलं न्हवतं."

मी यात फार मोठं काही केलेलं नाही, एक प्रश्न तेवढा विचारला. पण त्याचं म्हणणं डोक्यातून जाईना. 'का केलंस' या प्रश्नाला त्यानं कोर्टात उत्तर दिलं होतं आणि चौदा वर्षं त्याची किंमत मोजली होती. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला की माणसाच्या आयुष्यातला तो एकच दिवस शिल्लक राहतो. त्याच्या आधीची तीस वर्षं आणि नंतरची चौदा वर्षं जणू नव्हतीच. गावाच्या लेखी त्याची सगळी गोष्ट एका वाक्याची झाली होती. आणि एका वाक्यावर कोणी मुलगी करत नाही की कामाला ठेवत नाही.

आता कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की बाई, त्या मेलेल्या चुलतभावाचं काय? त्याची बायको त्याच गावात आहे. तिचाही मुलगा माझ्याच शाळेत शिकला. ती बाई रोज त्याला समोरून जाताना पाहते, तेव्हा तिच्या मनात काय होत असेल? तिच्याकडून क्षमेची अपेक्षा करायचा अधिकार मला नाही, गावालाही नाही, आणि सगळ्यात कमी त्याला आहे. कैद्याची गोष्ट ऐकताना तिची गोष्ट झाकून टाकली, तर तो निव्वळ लबाडपणा होईल. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितलं, "तू सतरंज्यांचं सांगितलंस ते मी ऐकलं. पण कधीही सांगशील तेव्हा त्याचं नावही सांग. त्याला गोष्टीतून काढू नकोस." तो मान खाली घालून म्हणाला, "त्याला कसा काढीन? त्याच्याबरबर पोहायला शिकलो मी."

स्वतंत्रपुराचं मोठेपण मला इथंच दिसतं. तिथं शिक्षा माफ केली नाही. झालं ते झालं, विसरा, असं कोणी म्हटलं नाही. शिक्षा पुरी भोगायची, फक्त ती भोगताना माणसाचं माणूसपण गंजू द्यायचं नाही. सुटून आल्यावर त्याला काय बोलायचं, कोणाशी बोलायचं हे आठवत असलं पाहिजे, एवढी तजवीज. बंद तुरुंगातून चौदा वर्षांनी आलेल्या माणसाला पोराच्या शाळेची इयत्ता ठाऊक नसते. स्वतंत्रपूरच्या बापाला ती माहीत असते.

अलीकडं आपल्या कारागृहांतही हालचाल दिसते ती चांगली आहे. २०२१ साली येरवड्याला कैद्यांसाठी रेडिओ सुरू झाला. २०२२ साली राज्यातल्या कारागृहांत कैद्यांच्या भजन-अभंगाच्या स्पर्धा झाल्या. कोणाला वाटेल, भजनानं काय होणार? मी म्हणते, भजनात माणसाला आपला आवाज पुन्हा ऐकू येतो. इतरांच्या सुरात सूर मिळवावा लागतो, टाळ चुकला तर सगळे थांबतात. तुमच्यावाचून अडतं, हे तिथंही कळतं. पण हे सगळं भिंतीच्या आत. भिंतीच्या बाहेर जी स्पर्धा आहे तिच्यात आपण सगळे परीक्षक होऊन बसलेलो असतो, आणि गुण द्यायला फार कंजूष.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं पुढं काय झालं, असं नात्यातल्या मंडळींनी विचारलंच आहे, म्हणून सांगते. चमत्कार काही झालेला नाही. तो शेळ्या पाळतो. गावातल्या देवळात सप्ताहाला सतरंज्या फाटल्या होत्या, त्या दुरुस्त करून देईन म्हणाला. पहिल्या वर्षी कोणी हो म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षी पुजाऱ्यानं दोन आणून दिल्या. त्यानं अंगणात बसून त्या नीट केल्या. गाठी उलट्या बाजूनंही दिसत नाहीत, मी स्वतः पाहिल्या. मुलीचं लग्न अजून व्हायचं आहे.

आटपाडीकडं जाणं झालं तर स्वतंत्रपुराची चौकशी जरूर करा. आणि तिथल्या जुन्या माणसांकडून त्या पहिल्या बायकांपैकी कोणाची काही आठवण ऐकायला मिळाली, तर ती लिहून ठेवा. राजाची आणि फ्रीडमन साहेबांची गोष्ट सांगणारे पुष्कळ आहेत. त्या बायकांची सांगणारं कोणीतरी हवं आहे.